पन्नासपैकी अकरा

सोलापूर,
१८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. वैजयंतीस,

शरणार्थ. चौदा वर्षांनी लिहिते आहे. ‘सौ.’ लिहिताना हात थांबला होता, पण तू किंवा चन्नू, दोघांपैकी कोणीच घटस्फोटासाठी कोर्टाची पायरी चढलेलं नाही, तेव्हा ते खोडत नाही. तुझा माळशिरसचा पत्ता मोडनिंबहून तुझ्या भावाकडून मिळवला. त्याच्यावर रागावू नकोस. मी त्याला चन्नूच्या विम्याच्या कागदांचं कारण सांगितलं.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवरचं बोलणं माणसं नंतर नाकारतात. हे पत्र स्पीड पोस्टाने येईल आणि पोच माझ्याकडे येईल, म्हणजे मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही.

सरळ विचारते. आमच्या बाळीवेशीतल्या वाचनालयाच्या कथास्पर्धेला तू कथा पाठवली आहेस का?

स्पर्धेच्या तीन परीक्षकांत मी आहे. विषय वाचनालयाने ठरवला: मनाचे आजार, व्यसन आणि एकटेपण. निकाल दहा ऑक्टोबरला. पहिल्या तीन कथा त्या दिवशी सभागृहात वाचून दाखवतात. कथांवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. नावं बंद लखोट्यांत, कार्यवाह नबीलाल शेख यांच्या कपाटात.

एकेचाळीस कथा आल्या. चौदा कथांत वेडा माणूस आहे. चौदाही जण मोठ्याने हसतात. अकरा जण चिंध्या गोळा करतात. नऊ जण शेवटच्या पानावर मरतात, आणि मेल्यावर लोकांना कळतं की तोच एकटा शहाणा होता. दारुड्यांचं आणखी सोपं. ते बायकोला मारतात आणि मुलीच्या लग्नात सुधारतात. एकटे म्हातारे खिडकीत बसून परदेशातल्या फोनची वाट पाहतात. लिहिणाऱ्यांनी ही माणसं कुठे पाहिली असतील? दुसऱ्या कथांतच पाहिली असणार. एकही वेडा दाढी करत नाही. एकही वेडा वीजबिल भरायला रांगेत उभा राहत नाही.

सत्तावीस क्रमांकाच्या कथेतला माणूस दाढी करतो. तिथेच मी सावध झाले.

कथेचं नाव ‘बरणी आणि वाटी’. एका शहरात बहीण-भाऊ राहतात. बहीण निवृत्त मुख्याध्यापिका. भाऊ आजारी. तो गोळी घेत नाही म्हणून बहीण ती शेंगाचटणीत कुटून मिसळते आणि रोज दुपारी त्याच्या पानात वाढते. त्याला सांगत नाही. कथा भाऊच सांगतो. एक वाक्य उतरवून देते: ‘तिची चटणी बरणीतून येते. माझी आधीच काढून ठेवलेल्या वाटीतून येते.’

हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं. मला, डॉक्टरांना आणि तुला. डॉक्टरांचं लिहिलेलं औषधवाल्यालासुद्धा वाचता येत नाही. ते कथा लिहिणार नाहीत. तू लग्नाआधी मासिकांतून लिहायचीस.

तू लिहिली असशील तर मागे घे. परत लिहिते: मागे घे.

महादेवी

सोलापूर,
२९ ऑगस्ट २०२४

वैजयंतीस,

पोच आली. सही तुझीच आहे, ‘व’ची गाठ मी ओळखते. उत्तर मात्र नाही. निर्दोष माणूस आठ दिवस गप्प बसत नाही.

या मधल्या काळात मी बाकीच्या वाटाही तपासल्या. तानाबाई आमच्याकडे सहा वर्षं भाकरीला येते. तिला विचारलं, चन्नूच्या वाटीबद्दल बाहेर कुठे बोललीस का? ती पीठ मळता मळता म्हणाली, “बाई, मला ल्हिता येत न्हाय आन् तुमच्या घरातलं सांगायला लागले तर ऐकनाऱ्याला दुसरं काम ऱ्हानार न्हाय.” वाटीत काय असतं हे तिला कळलं आहे की नाही, हे मात्र तिने मला कळू दिलं नाही. ती दिसते तेवढी साधी नाही.

नबीलालभाईंकडेही गेले. म्हटलं, सत्तावीसचा लखोटा फोडा. ते चष्मा पुसत म्हणाले, “मॅडम, बसा तो सही. पहिल्या तिघांचाच लखोटा फुटतो. नियमावली तुम्हीच लिहून दिली होती ना, दोन हजार सोळाला?” लिहिली होती. त्यांची मुलगी सबिहा बाजूला संगणकावर बसली होती. ती एकदम खाली बघायला लागली. तेही मी लक्षात ठेवलं आहे.

तू म्हणशील, एका कथेचा एवढा बाऊ कशाला. तुला सगळं माहीत नाही, म्हणून सांगते. दोन हजार चारपर्यंत मी गोळी दुधातून देत होते. एकदा ती नीट विरघळली नाही. पेल्याच्या तळाशी त्याला पांढरा कण दिसला. पेला मोरीत पालथा घातला आणि घराबाहेर पडला. नऊ दिवस घरचं, दारचं, कुणाच्याही हातचं खाल्लं नाही. केळी सोलून खायचा, कारण सालीच्या आत कुणाला काही घालता येत नाही. नवव्या दिवशी अक्कलकोटला सापडला. पायात वहाण नव्हती. मी जाऊन घेऊन आले.

त्यानंतर चटणी. कूट भरड असतं, लसूण-तिखटाखाली चव दबते. वीस वर्षं एक दिवस चुकला नाही. वीस वर्षं तो सकाळी दाढी करतो, साडेआठला वाचनालयात पेपर वाचायला जातो, साडेअकराला परत येतो. दहा ऑक्टोबरलाही तो तिथे असणार, त्याला असले कार्यक्रम आवडतात. त्याच्यादेखत कोणीतरी माइकवरून वाचणार की बहीण वाटीत गोळी कालवते. त्याला कळायला कितीसा वेळ लागेल? तो पुन्हा पानावरून उठेल. तेव्हा तो चौतीसचा होता. आता चोपन्नचा आहे आणि मी सदुसष्टची. या वेळी मला त्याला शोधायला जाववणार नाही.

म्हणून मागे घे म्हणते आहे. माझी बेअब्रू होईल म्हणून नव्हे.

महादेवी

सोलापूर,
११ सप्टेंबर २०२४

वैजयंतीस,

अजून तुझं उत्तर नाही. तेव्हा माझ्या हातात होतं ते मी केलं. काल गुणपत्रिका सही करून दिली. सत्तावीसला पन्नासपैकी अकरा.

कारणं लिहिली आहेत. आजारी माणूस इतका नेटका विचार करत नाही. बहिणीचं पात्र एकांगी, ती कथाभर कुटते, झाकते आणि पाहते, याव्यतिरिक्त काहीच करत नाही. शेवट न पटणारा. बाकी दोन परीक्षकांनी किती दिले ते मला माहीत नाही. माझे अकरा असताना पहिल्या तिघांत ती येणं अवघड आहे.

कथेत दारूचं प्रकरणही आहे, ते वाचून तर माझी खात्रीच झाली. भाऊ म्हणतो, ‘मी न प्यायलेल्या दारूने माझी नोकरी गेली.’ सूत सोसायटीत तो कारकून होता तेव्हा त्याच्या रजा व्हायच्या, टेबलावर एकटाच पुटपुटत बसायचा. साहेबांनी मला बोलावलं. मी म्हटलं, थोडी घेतो. माझी चूक काय? ‘घेतो’ म्हटल्यावर साहेब हसले आणि म्हणाले, आमच्यातपण आहेत दोघे-तिघे. खरं सांगितलं असतं तर ते खुर्ची मागे सरकवून बसले असते. दारुड्याला लोक शिव्या देतात पण चहा पाजतात. दुसऱ्या आजाराला चहासुद्धा मिळत नाही. आता नोकरी त्यानेही गेलीच, ते निराळं.

तुलाही मी लग्नाआधी तेच सांगितलं होतं, असं तुझं म्हणणं असेल. ‘कधीतरी घेतो, लग्नानंतर सुटेल.’ मी सांगितलं होतं. तुझ्या वडिलांनी ते चालवून घेतलं होतं, हेही लक्षात ठेव.

चन्नूचं वागणं मला सध्या ठीक वाटत नाही. वाचनालयात आता आठलाच जातो. परवा जेवताना विचारत होता, “अक्का, परीक्षकाला एखादी गोष्ट आवडली नाही तर तो ती पूर्ण वाचतो का?” मी म्हटलं, वाचावीच लागते. तो म्हणाला, “शेवटपर्यंत?” मी म्हटलं, शेवटपर्यंत. तो मान हलवून चटणीला लागला. मी नेहमीप्रमाणे वाटी रिकामी होईपर्यंत बसले.

तू त्याला भेटतेस का? माळशिरसची एसटी सकाळी किती वाजता पोचते ते मी चौकशी करून ठेवलं आहे.

महादेवी

सोलापूर,
२६ सप्टेंबर २०२४

वैजयंती,

तुझं पत्र आलं. दोन पानं आहेत. चार वेळा वाचलं. माझ्याच पत्राबरोबर ठेवायला हव्यात म्हणून त्यातल्या काही ओळी इथे उतरवते, उद्या तू म्हणायला नको की मी असं लिहिलं नव्हतं.

‘अक्का, कथा माझी नाही. मी लग्नानंतर एक ओळ लिहिलेली नाही. पण तुम्ही उतरवून दिलेलं बरणी-वाटीचं वाक्य मला पाठ आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ते त्यांनीच मला सांगितलं होतं, याच शब्दांत. मी घाबरले. म्हटलं, मग खाता कशाला? ते म्हणाले, अक्कलकोटला अक्का मला बघून भर बाजारात रस्त्यावर खाली बसली. लोक गोळा झाले तरी उठेना. तेव्हापासून मी वाटीत काय आहे ते विचारत नाही.’

आणखी एक. ‘निघताना मी त्यांना बरोबर चला म्हटलं होतं. ते म्हणाले, अक्काजवळ कोण राहील?’

मी अक्कलकोटला खाली बसले होते हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुला दुसऱ्या पत्रात लिहिताना ‘जाऊन घेऊन आले’ असं लिहिलं. तेव्हा तुला ते सांगणारा एकच माणूस असू शकतो. तरीही मी म्हटलं, तपासल्याशिवाय मानायचं नाही. चौतीस वर्षं मुलींच्या सबबी ऐकल्या आहेत मी.

सोमवारी आठ वाजता वाचनालयात गेले. चन्नू आतल्या खोलीत संगणकाशेजारी स्टुलावर बसला होता, पाठ माझ्याकडे. सबिहा टाइप करत होती. तो सांगत होता, “इथे पूर्णविराम. नवी ओळ. ‘माणूस आजारी पडला की घरातले त्याच्याशी मोठ्याने बोलायला लागतात.’” ती म्हणाली, “अंकल, ये तो मेरे नानाके साथ भी होता था.” तो म्हणाला, “लिही मग ते पण.”

मी तशीच मागे फिरले. पायरीवर नबीलालभाई भेटले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, “मॅडम, लखोटा मी फोडलेला नाही.” मी म्हटलं, “टाइप तुमच्याच मुलीने केली ना?” तर म्हणाले, “हस्तलिखित चालणार नाही असं नियमात आहे. तोही नियम तुमचाच.”

मला वाटत होतं, चन्नूला चार ओळींचा अर्ज लिहिता येत नाही. गेली वीस वर्षं त्याचे सगळे अर्ज मी लिहिते. त्याला येतो की नाही हे मी कधी पाहिलंच नाही.

तर कथा त्याची आहे, आणि मी तिला अकरा गुण दिले आहेत. तुझ्यावर मी खोटा आळ घेतला. ते इथे लिहून देते.

पण वैजयंती, आता मला आणखी मोठी धास्ती आहे. तू म्हणतेस त्याला माहीत आहे आणि तो खातो. ते दोन हजार आठचं झालं. आज खातो कशावरून? वाटी रिकामी होते, एवढंच मी पाहते. मी पाणी आणायला उठते, दार वाजलं की उठते. त्या दोन मिनिटांत काय होतं? खिडकीखालच्या कौलांवर कावळे दुपारीच का येतात? काल मी गच्चीवर जाऊन कौलं पाहिली. काही सापडलं नाही. आज पुन्हा पाहणार आहे.

महादेवी

सोलापूर,
१६ ऑक्टोबर २०२४

वैजयंती,

निकाल झाला. त्याची कथा चौथी आली. बाकी दोघांनी एकेचाळीस आणि त्रेचाळीस दिले होते. मी तीस जरी दिले असते तरी ती पहिली आली असती. चार तारखेला मी नबीलालभाईंना भेटून म्हटलं, माझे गुण बदलायचे आहेत, परीक्षक स्पर्धकाची सख्खी बहीण आहे. ते म्हणाले, “स्पर्धक कोण आहे हे तुम्हाला कुठे ठाऊक आहे, मॅडम? लखोटा बंद आहे.” सही केलेली गुणपत्रिका बदलत नाही. बरोबर आहे. मीही बदलू दिली नसती.

चन्नू तिसऱ्या रांगेत बसला होता. इस्त्रीचा शर्ट. तीन कथा वाचल्या गेल्या. पहिल्या आलेल्या कथेत एक वेडा शेवटी रुळावर झोपतो. टाळ्या भरपूर पडल्या. चन्नूनेही वाजवल्या.

परत येताना रिक्षात त्याने विचारलं, “सत्तावीसला किती दिलेस?”

मी म्हटलं, “गुण गुप्त असतात.”

“अक्का, किती?”

“अकरा.”

“पन्नासपैकी?”

“पन्नासपैकी.”

तो बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, “शाळेत असतानापण तू माझ्या निबंधाला असेच द्यायचीस.” रिक्षावाला हसला. मला हसू आलं नाही.

मी म्हटलं, “तू लिहिलीस हे मला माहीत नव्हतं.”

“माहीत असतं तर?”

“तर मी वाचलीच नसती. परीक्षक म्हणून बाजूला झाले असते.”

“म्हणून तर सांगितलं नाही,” तो म्हणाला. “तू वाचावीस म्हणूनच पाठवली होती. घरात ठेवली असती तर तू शुद्धलेखन तपासून परत दिली असतीस.”

पहिल्या पत्रात तुला कथेचा शेवट मुद्दाम सांगितला नव्हता. आता सांगते. शेवटी भाऊ म्हणतो: ‘मी वाटी पुसून खातो. औषध माझ्यासाठी आहे की तिच्यासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिने एकदा विचारलं असतं तर मी कदाचित नाही म्हटलं असतं, कदाचित हो. पण माझ्याकडे उत्तर होतं आणि तिच्याकडे प्रश्न नव्हता.’ या ओळींसमोर मी ‘न पटणारा’ असं लिहून खाली सही केली होती.

अकरा तारखेपासून मी गोळी त्याच्या पानाजवळ उघडी ठेवते आहे. चटणी दोघांनाही बरणीतूनच वाढते. तानाबाईने बघितलं आणि म्हणाली, “आता उगडी ठिवली तर कोन खाईल? देवाचा परसाद हाय व्हय त्यो?” मी तिला गप्प बसवलं, पण तिचं बरोबर ठरतं आहे. आज सहावा दिवस. गोळी तो घेत नाही. जेवतो, पान उचलतो, गोळी तिथेच राहते. मी ती उचलून पुन्हा डबीत ठेवते. त्याच्या डोळ्यांकडे, झोपेकडे, दाढीकडे पाहते. कालपासून तो जरा जास्त बोलतो आहे असं वाटतं. की आधीही एवढंच बोलायचा, आणि मी आत्ता ऐकते आहे, ते सांगता येत नाही.

उद्या काय करीन ते मला माहीत नाही. खलबत्ता अजून ओट्यावरच आहे.

महादेवी

सोलापूर,
३ नोव्हेंबर २०२४

वैजयंती,

सतरा तारखेला मी पुन्हा कुटायला घेतली. ते तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. गोळी खलबत्त्यात टाकली, वर शेंगदाणे घातले आणि दोन घाव घातले. चन्नू स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. किती वेळ उभा होता माहीत नाही.

म्हणाला, “अक्का, नको कुटू. मला डॉक्टरांकडे जायचंय. तू बाहेर बस.”

इतकी वर्षं डॉक्टरांशी मीच बोलते. तो वर्षातून एकदा रक्तदाब दाखवायला म्हणून येतो आणि गप्प बसतो. या वेळी तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. मी बाकावर बसले. चाळीस मिनिटं. कान लावला होता, खोटं कशाला सांगू, पण आत पंखा मोठ्याने चालतो. डॉक्टर एकदा मोठ्याने हसले. काय बोलणं झालं ते मला आजही ठाऊक नाही. बाहेर आला तेव्हा चिठ्ठी त्याच्या खिशात होती. ती त्याने मला दाखवली नाही. औषधाच्या दुकानात स्वतः गेला.

आता तो सकाळी चहाबरोबर एक गोळी घेतो. पहिले दोन दिवस मी त्याच्या घशाकडे पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्यासमोर येऊन तोंड उघडलं, जीभ वर केली, डावीकडे केली, उजवीकडे केली. म्हणाला, “झाली तपासणी, बाई? वर्गात बसू?” तानाबाई हसून हसून खाली बसली. तरीही तो आंघोळीला गेला की मी पाकिटातल्या गोळ्या मोजते. आतापर्यंत बरोबर आहेत. मोजणं बंद होईल असं मी कुणाला वचन देत नाही.

आता तुझ्याबद्दल. हे मी सहाव्या पत्रात लिहिते आहे, पहिल्यात लिहायला हवं होतं.

त्याला स्किझोफ्रेनिया आहे. हा शब्द मी आजपर्यंत कागदावर लिहिलेला नाही. लग्न ठरवताना तो मला ठाऊक होता, तुला नव्हता. लग्नानंतर दोन वर्षं तू रात्री त्याच्या तोंडाचा वास घेत होतीस, दारू कधी पितो ते शोधत होतीस. मी ते पाहिलं होतं आणि पाहू दिलं. मग तुला गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. तू ती माझ्यासमोर ओट्यावर ठेवलीस आणि विचारलंस, हे काय आहे, त्यांच्या चटणीत काय कालवता. मी म्हटलं, पित्ताच्या गोळ्या आहेत. तू डॉक्टरांची चिठ्ठी शोधून आणलीस. मी म्हटलं, तुझा स्वभाव संशयी आहे. मग मोडनिंबला तुझ्या वडिलांना पत्र लिहिलं की मुलीला सगळीकडे औषधं दिसतात, तिलाच एकदा कुणाला तरी दाखवा. ते तुला न्यायला आले. तू सामान बांधत होतीस तेव्हा मी चटणी वाढत होते.

तू संशयी नव्हतीस. तुला जे दिसत होतं ते तिथे होतं. तुझ्या वडिलांना मी हे लिहून दिलं असतं, पण ते आता नाहीत असं तुझ्या भावाकडून कळलं. म्हणून तुलाच लिहून देते. हे पत्र जपून ठेव. कुणाला दाखवावंसं वाटलं तर दाखव.

क्षमा मागत नाही. तू दिलीस तरी मला ती खरी वाटणार नाही आणि नाही दिलीस तर मी त्याची कारणं शोधत बसेन.

चन्नूची दुसरी कथा पूर्ण झाली. मला वाचायला दिली नाही. म्हणाला, “तू परीक्षक आहेस.” परवा मात्र, दिवाळीच्या फराळाला बसलो असताना, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “वैजयंतीचा पत्ता तुझ्याकडे आहे ना? पोचपावत्या टेबलाच्या खणात आहेत.” म्हणजे तोही माझे खण उघडतो. मी रागावले. मग रागावायला जागा नाही हे लक्षात आलं.

त्याला तुला पत्र लिहायचं आहे. काय लिहिणार ते मी विचारलं नाही. एवढंच म्हटलं, “तिला विचारल्याशिवाय पत्ता देणार नाही.” तो म्हणाला, “विचार मग.”

म्हणून विचारते. देऊ का? पावत्या मी त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी हलवल्या आहेत आणि तुझं उत्तर येईपर्यंत त्या तिथेच राहतील. नाही म्हणालीस तर मी त्याला ‘ती नाही म्हणाली’ एवढंच सांगेन, त्यात माझं काही घालणार नाही.

तो समोर बसला आहे. मी काय लिहिते ते त्याला माहीत आहे. पाकीट पोस्टात टाकायला तो स्वतः जाणार आहे; पत्ता त्यावर असेल, पण तू हो म्हटल्याशिवाय लिहिणार नाही असं तो म्हणाला आहे.

महादेवी